न मोडलेली छडी

दत्तू गेल्याचा निरोप मला इंदापूरला, शाळेत शिकवत असताना फोनवर मिळाला. खरं सांगतो, रडू येण्याआधी रागच आला. चाळिशीही न गाठलेला माझा मित्र. छातीत कळ आली आणि अंगणातच गेला. सगळं अर्धवट टाकून...

आमची मैत्री बारामतीतल्या व्हिडिओ सेंटरमधली. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. दत्तू लग्नांचं शूटिंग करायचा आणि उरलेल्या वेळात परदेशी भयपटांच्या कॅसेटी बघायचा. रानातलं एकटं घर, माणसं मारणारं कुटुंब आणि वाट चुकून तिथं पोचलेली शहरातली पोरं. आम्ही कुऱ्हाडीला घाबरायचो. दत्तू म्हणायचा, "कुऱ्हाडीचं काय न्हाय रं. म्हाताऱ्याचा पोरगा बघ. त्याला ती बापाकडनं घ्यायची हाय. खरं भ्या तितं हाय."

त्याला हे कळण्याचं कारण त्याच्या घरात होतं. त्याचे वडील, आबा, लोणी भापकरला देवऋषी होते. भूत लागलं म्हणून आणलेल्या बायकांना ते वेताच्या छडीनं झोडपायचे. त्यांच्यामागं ती छडी थोरल्या मुलाकडं, म्हणजे दत्तूकडं यायची होती.

म्हणून त्यानं स्वतःचाच पिक्चर काढायला घेतला. भिगवणजवळ, धरणाच्या पाण्याकाठच्या वेड्या बाभळींत. मुलाचं काम दत्तूचं, कॅमेरा माझ्याकडं. बापाच्या कामाला माणूस मिळेना, तेव्हा आबाच म्हणाले, "मी हाय की." शेवटी बाप छडी पुढं करतो आणि मुलगा ती मोडतो, असा सीन होता. आबांनी छडी पुढं केली. दत्तूनं घेतली आणि नुसताच उभा राहिला.

"मोड की!" मी ओरडलो.

"परत घिऊ," तो म्हणाला. परत घेतला. परत तेच. आबा शांतपणे म्हणाले, "पोराला ऊन लागलंय. चला घरी."

पिक्चर तिथंच संपला. आबा वारले आणि दत्तू त्यांच्या जागी बसला. मी जाऊन भांडलो. "सगळ्यांच्या आधी तुला कळलं होतं, आणि तूच बसलास?"

"मी न्हाय बसलो तर चुलता बसंल," तो म्हणाला. "त्यो आबांपरीस जोरात मारतुय."

मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. चुलत्याला अडवता आलं असतं, छडी चुलीत घालता आली असती. त्यानंतर आमचं बोलणं जवळजवळ बंदच झालं.

परवा त्याच्या घरी गेलो. अंगणात दोन पुरुष ताटकळत बसले होते आणि आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं. दत्तूची बायको पाणी न्यायला बाहेर आली. म्हटलं, "वहिनी, अजून माणसं येतात?"

"येत्यात की. ह्यांची रीत मी चालू ठिवलीया. बाईला आणलं की आधी गड्यांना भाईर काढायचं. मग तिला इचारायचं, घरात कोण मारतंय."

"आणि छडी?"

"ह्यांनी कुणावर उगारली न्हाय कधी."

हे मला सांगायला काय झालं होतं त्याला? इतकी वर्षं मी उगाच चडफडत राहिलो... वहिनी तांब्या घेऊन आत, त्या दोघांनी आणलेल्या बाईकडं गेल्या. त्या दोघांतला एकजण कंटाळून उठला आणि दार वाजवायला निघाला.

"बसा खाली," मी म्हणालो. "तिचं सांगून व्हायचंय अजून."