बाबांना वाचून दाखवलेला बेसबॉल

आमच्या भागात बेसबॉलची बॅट आहे, चेंडू नाही. रिसोड आणि शेलूबाजारच्या रस्त्यावर धावणाऱ्या दोन जीपवाल्यांच्या सीटखाली ती मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. हिंदी सिनेमात गुंड ती घेऊन येतात, म्हणून ती इथंही पोचली. टोपी तर घरोघरी आहे. बियाण्याच्या कंपन्या सोयाबीनच्या बॅगेबरोबर ती फुकट देतात आणि आमचे लोक ती घालून फवारणी करतात. बॅट भांडणाला, टोपी फवारणीला. मधला खेळ काय असतो हे विचारायची कुणालाच गरज पडली नव्हती. ती बाबांना पडली.

माझा मोठा भाऊ अमेरिकेत असतो. त्याचा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि त्याला मराठीतला एकच शब्द येतो, तो म्हणजे ‘आजोबा’. बाबांना इंग्रजी येत नाही. रविवारी सकाळी मळ्यात व्हिडिओ कॉल येतो, तेव्हा तिकडे शनिवारची संध्याकाळ असते. आई आधी पाच मिनिटं सगळ्यांच्या जेवणाची चौकशी करते आणि फोन बाबांकडे देते. “हाय आजोबा.” “हाय.” पुढे दोघं एकमेकांकडे पाहत बसत. बाबा मोबाईल असा धरत, की नातवाला बहुतेक त्यांचं कपाळ आणि मागचा कडुनिंब एवढंच दिसत असावं. मग “बाय आजोबा.” फोन ठेवला की बाबा विहिरीवर जाऊन बराच वेळ मोटारीकडे पाहत उभे राहत. मोटार चांगली चालू असे.

एका रविवारी त्यांनी दादाला विचारलं, “पोट्टं खेळते काय तिकडं?”

“बेसबॉल.”

“त्याचं काई पुस्तक असंन तं धाडून दे. तेवढं तरी बोलता येईन मले त्याच्यासंगं.”

दादानं एक पुस्तक नाही, खोकं पाठवलं. नातवाच्या शाळेच्या वाचनालयानं जुनी म्हणून काढून टाकलेली अकरा पुस्तकं होती. सगळी बेसबॉलची. एक नियमांचं, एक नुसत्या आकड्यांचं आणि विटेएवढं जाड, चार-पाच खेळाडूंची आत्मचरित्रं, दोन-तीन कादंबऱ्या आणि उरलेली लहान मुलांची चित्रांची. एका खेळावर माणसं इतकं लिहितात हे पाहून मला धक्का बसला. आमच्या गावावर आजवर एक पान कुणी लिहिलेलं नाही.

मी इंग्रजी घेऊन बी.ए. केलं आहे. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं शेजाऱ्यांना वाचून दाखवणं, हा त्या पदवीचा तोवरचा एकमेव उपयोग. आता दुसरा निघाला. दुपारी कडुनिंबाखाली बाबा दुसऱ्या दिवशीच्या रिसोडच्या बाजारासाठी सांभाराच्या जुड्या बांधत आणि मी मराठी करून वाचत असे. तुमच्याकडे सांभाराला कोथिंबीर म्हणत असतील. माझ्या वाट्याच्या जुड्याही बाबाच बांधत, त्यामुळे माझी काही तक्रार नव्हती.

बाबांची होती. प्रत्येक पुस्तकात कुठे ना कुठे बाप आणि मुलगा अंगणात उभे राहून चेंडू एकमेकांकडे फेकत असत. आत्मचरित्रात, कादंबरीत, चित्रांच्या पुस्तकातसुद्धा. पान-पान फेकत, एक शब्द बोलत नसत आणि शेवटी लेखक रडत असे.

“बोलत काहून नाई ते?” बाबांनी विचारलं.

“खेळून राह्यले ना.”

“खेळता खेळता बोलता येत नाई काय?”

बाप-लेकांनी न बोलणं आमच्याकडेही आहे, फक्त त्यासाठी आम्हाला चेंडू लागत नाही.

काही गोष्टी मात्र बाबांना फार पटल्या. फलंदाज मुद्दाम आउट होतो, त्यामुळे त्याचा गडी पुढच्या बेसवर, म्हणजे पुढच्या थांब्यावर, पोचतो, आणि ते आउट होणं त्याच्या नावावर धरत नाहीत. हे ऐकून त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. “हे बराबर हाये,” म्हणाले. आणि डाव संपताना किती गडी बेसवर अडकून राहिले, घरी, म्हणजे निघाले त्या बेसवर, परत पोचले नाहीत, तेही लिहून ठेवतात, हे त्यांनी पुन्हा विचारून घेतलं.

“जे घरी नाई आले, ते बी लिवतात?”

“हो.”

त्यांना कोण आठवलं हे मला कळलं आणि मला राग आला. खराखुरा राग. जो कुठे गेलाच नाही, सकाळी पाचला पाणी द्यायला उठतो आणि दुपारी बसून वाचूनही दाखवतो, त्याच्यासाठी त्या विटेएवढ्या पुस्तकात एक रकाना नव्हता. मी दोन वेळा शोधला.

त्या रागातच पुढची चूक झाली असं मी म्हणू शकलो असतो, पण ती झाली कंटाळ्यातून. नियमांच्या पुस्तकात एक नियम असा आहे, की चेंडू हवेत असतानाच, कुणी झेलायच्या आत, पंच फलंदाजाला आउट देऊन टाकतो. तो समजावण्यात माझे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी बाबांनी वेगळंच विचारलं.

“त्याच्यात कच्चा निंबू असते काय?”

कच्चा लिंबू म्हणजे खेळात घेतलेलं लहान पोर. ते बॅटिंग करतं, पळतं, पण आउट झालं तरी आउट धरत नाहीत. आमच्याकडे क्रिकेट असो, विटीदांडू असो, कच्च्या लिंबाशिवाय डाव लागत नाही. बाबांच्या मते ज्या खेळात ही सोय नाही तो लहान पोरांचा खेळच नव्हे. मी म्हणालो असतो ‘नसते’, तर ‘काहून’ आलं असतं आणि पुन्हा तीन दिवस गेले असते. ऊन चढलं होतं. सांभार कोमेजत होता.

“असते,” मी म्हणालो.

“किती?”

“हर टीमले एक.”

“आउट होत नाई?”

“कितीबी स्ट्राइक होवो, कितीबी बॉल हुको, नाई होत.”

“मंग गेम चांगला हाये,” बाबा म्हणाले आणि समाधानानं जुडीला सुतळी गुंडाळली. मी पान उलटलं. खोटं बोलल्यासारखं वाटलंसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी नातू टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता. दादानं सांगितलं, की या मोसमात तो प्रत्येक सामन्यात आउट झालाय, एकदाही बॅटला चेंडू लागलेला नाही. आता दोनच सामने उरलेत आणि तो म्हणतो, जाणार नाही. दादा म्हणत होता, जावंच लागेल. घरात आठवडाभर यावरून कटकट चालली होती.

बाबांच्या चेहऱ्यावर मला जो आनंद दिसला तो नातवाच्या दुःखाच्या मानानं जरा जास्तच होता. पण तो मी समजू शकलो. इतक्या रविवारांनंतर त्यांच्याजवळ पहिल्यांदा सांगण्यासारखं काही होतं. त्या दिवशी ते बोलले नाहीत. “बराबर तयारी करून सांगतो,” म्हणाले, आणि आठवडाभर वाफ्यात पाणी सोडताना ओठ हलवत राहिले. काय सांगणार, ते मला माहीत होतं. सोमवारी मी कबूल करायचं ठरवलं. मंगळवारीही ठरवलं. गुरुवारी त्यांनी आईला कच्च्या लिंबाचा बेसबॉलमधला नियम समजावून सांगितला, तोही मी सांगितला होता त्यापेक्षा सविस्तर. त्यानंतर मी ठरवणं सोडून दिलं.

रविवारी बाबा धुतलेला सदरा आणि बियाण्याची टोपी घालून बसले. कॉल लागला. ते सलग बोलले. पोरा, घाबरू नको, तुमच्या मास्तराले सांग का मी या टीमचा कच्चा निंबू हाये, पुस्तकात लिवलं हाये, तुले आउट करताच येत नाई. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सांग त्याले.”

मी इंग्रजीत म्हणालो, “आजोबा म्हणतात, काळजी करू नकोस.”

“एवढंच? मी इतकं बोललो ना.” आता त्यांना खेळातले वीसेक इंग्रजी शब्द येत होते आणि माझ्या वाक्यात त्यातला एकही नव्हता. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच ओरडले, “यू! कच्चा निंबू! नो आउट! बुक! बुक!”

नातू घाबरून बापाकडे पाहू लागला. दादा कधी नव्हे तो पूर्ण पडद्यात आला.

“बाबा, असा नियम नाई इकडं. कोनं सांगतलं तुमाले?”

“यानं वाचून दाखवला.”

दोघंही माझ्याकडे पाहू लागले. बाबांचा चेहरा असा पडला, की मला त्या खोक्यासकट विहिरीत उतरावंसं वाटलं. बाजारात पाव किलोचा फरक न करणारा माणूस नातवासमोर खोटा ठरला होता आणि ठरवणारा मी होतो. मी बाबांनी सकाळीच बांधून ठेवलेल्या जुड्यांकडे पाहत राहिलो. दादानं मला तिथेच धुऊन काढलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं.

पण दादा मुलाकडे वळला आणि त्याला इंग्रजीत सांगू लागला. “आमच्या गावात असा नियम खरंच आहे. ज्याची बॅट त्याचा नियम, आणि बॅट माझी होती. मी पोरांना सांगून ठेवलं होतं, माझा भाऊ कच्चा लिंबू, नाही तर बॅट घरी. तो चांगला बारा वर्षांचा होईपर्यंत.”

बारा वर्षांचा हे त्यानं सांगायला नको होतं.

“काका कधीच आउट झाला नाही?” नातवानं इंग्रजीतच विचारलं.

“कधीच नाही.”

नातू पुढे सरकला आणि पडद्याला नाक लावून माझ्याकडे पाहू लागला. इतक्या वर्षांत माझ्याकडे तसं कुणी पाहिलं नव्हतं. मग त्यानं विचारलं, आणि पहिल्यांदाच मला किंवा बापाला नाही, थेट बाबांना विचारलं, “आजोबा, वॉज ही गुड?”

बाबांना ‘गुड’ कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता ते काय सांगणार याची मला खरोखरच भीती वाटली. त्यांनी शब्द एकेक करून गोळा केले.

“नो हिट,” ते म्हणाले. “नो रन.” मग थांबले. “एव्हरी डे कम.”

नातू हसला. मी खाली वाकून, बांधलेलीच जुडी पुन्हा बांधली.

फोन ठेवल्यावर बाबा विहिरीवर गेले नाहीत. टोपी काढून एवढंच म्हणाले, “आता लिवलं असंन तेवढंच वाचजो.”

त्यानंतर उरलेल्या दोन्ही सामन्यांना नातू गेला. दोन्हीत आउट झाला. हे त्यानं पुढे बाबांना स्वतः सांगितलं. बोटांवर स्ट्राइक मोजून दाखवले, उभा राहून बॅट कशी फिरवली तेही दाखवलं. बाबा “हाय?” “लो?” विचारत होते, तो हातानं उंची दाखवत होता. मी भाषांतराला शेजारी बसलो होतो. अर्धा तास मला कुणी काही विचारलं नाही, तेव्हा मी माझ्या वाट्याच्या जुड्या बांधायला घेतल्या.