दादाची सायकल अनोळखी माणसाला दिली

मी इथे फारसं लिहीत नाही. आज राहवलं नाही.

दादा परदेशात एका श्रीमंताच्या यॉटवर कामाला होता. दिवसभर डेक धुवायचा, बोट बंदराला लागली की सायकल काढायचा. दिवाळीनंतर तो वारला. त्याने घरी आणलेली ती सायकल इथे दोंडाईच्याला ओसरीत होती.

दुपारी एकजण आला. "रावेरहून आलो भाऊ. आम्ही एकाच बोटीवर होतो."

अशी ओळख सांगणारे बरेच येतात. दोघांचा फोटो मागितला, तर म्हणे जुना फोन समुद्रात पडला. मला संशय आला. तरी त्याने सायकल मागितली तेव्हा माझ्यादेखत दारासमोर एक चक्कर मारू दिली.

उतरल्यावर त्याने तांब्याभर पाणी मागितलं. प्यायला नाही, चेन आणि रिम धुऊन रुमालाने कोरडी केली. दादाही घरी असंच करायचा. खारं पाणी काढायची सवय.

आई दारातून त्याला म्हणाली, "आठे कोठे समुद्र शे रे?" इथे कुठला समुद्र, हेच ती दादालाही म्हणायची.

त्याने शिंदखेड्यापर्यंत नेऊ का विचारलं. मी दिली.

यॉटवरचा कुणीही सायकल अशीच पुसेल, हे आता सुचतंय. अंधार पडलाय, तो आलेला नाही. आईने ओसरीत बादली भरून ठेवली आहे.

तुम्ही दिली असती का?