तळ्याकाठचा नवा धबधबा

हा किस्सा खरं तर मी कुणाला सांगणार नव्हते. पण आता आख्ख्या शाळेला अर्धा माहीतच आहे, तर म्हटलं उरलेला अर्धा तुम्हाला सांगून टाकावा. एकच विनंती. हसायचं असेल तर शेवटी हसा. मध्येच हसलात तर मी गप्प बसेन. मी फार लाजाळू आहे. वर्गात हजेरीला मी ‘येस मॅडम’ म्हणते, ते शेजारच्या मुलीलासुद्धा ऐकू जात नाही. माझे कितीतरी दिवस हजर असूनही गैरहजरीत गेलेत.

तर झालं असं की पुण्याच्या मावशीनं आम्हाला सुट्टीत एका रिसॉर्टला बोलावलं. उंच डोंगर, डोंगरात तळं, तळ्याकाठी बंगल्या. मावशी म्हणजे मम्मीची सख्खी धाकटी बहीण. जन्म आमच्या लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याचा, शाळा निलंग्याची. पण लग्न होऊन पुण्याला गेली आणि तिची भाषा अशी काही इस्त्री केल्यासारखी झाली, की आता ती निलंग्याचं नाव घेते तेसुद्धा नाकातून. तिची मुलगी रिया माझ्याच वयाची. दरवेळी भेटली की पहिला प्रश्न, “गिरिजा, तुमच्याकडे पाणी येतं का गं आता?”

पाहुण्याला पाणी विचारावं, तसं ही आम्हाला पाण्याबद्दल विचारते. आणि मग दोघी मायलेकी हसतात.

म्हणून मी ठरवलं होतं. या वेळी लातूरवर कुणी हसायचं नाही. अशी वागेन, अशी राहीन, की रियाला वाटलं पाहिजे ही स्वित्झर्लंडहून आलीय.

पण घरातून निघतानाच घोटाळा! पप्पांनी गाडीच्या डिकीत पाण्याचे दोन मोठे पिवळे कॅन ठेवले. भरलेले.

“पप्पा, आपण तळ्यावर चाललोय!”

“तळ्याचं पाणी कुठं पिऊ लागलीस गं? आन् वाटंत लागलं तर?”

ते कॅनही साधे नाहीत हो. टँकरच्या रांगेत एकमेकांचे कॅन बदलतात, म्हणून आमच्याकडं सगळे कॅनवर नाव घालतात. पप्पांचं स्टेशनरीचं दुकान आहे, म्हणजे रंगाला तोटा नाही. त्यांनी लाल ऑइलपेंटनं एवढी ठळक अक्षरं काढली आहेत की विमानातून वाचता यावीत: ‘बिराजदार, लातूर’.

रिसॉर्टला पोचलो. मावशीनं कॅन पाहिले आणि गॉगल डोक्यावर चढवला.

“भाऊजी, तुम्ही तळ्याला पाणी घालायला आलात का?”

रिया हसली. बंगलीपर्यंत सामान नेणारे काकाही हसले. मी स्वित्झर्लंडहून परत लातूरला आले.

बंगली दुमजली होती. खालची खोली मावशीची, वरची आमची. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल. आमच्या खोलीला तळ्याच्या बाजूला मोठी बाल्कनी होती, आणि न्हाणीघरात टब! माणूस आडवा मावेल एवढा. मम्मीनं त्यात वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला, जसा सोन्याच्या दुकानातही उजळत नाही.

“अगं माय! केवढं पाणी मावंल ह्याच्यात!”

आंघोळीचा विचार तिच्या मनाला शिवलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फराळानंतर आम्ही तिथले खेळ बघायला निघालो. झिपलाइन होती, कयाक होती. आणि एका कोपऱ्यात पाटी होती, ‘ग्रामीण अनुभव’. तिथं विहीर होती. रहाट, दोर, पोहरा, सगळं नवंकोरं. लोक रांगेत उभे! कशासाठी? तर पाणी शेंदायला. एक बाई पोहरा वर ओढायची, नवरा फोटो काढायचा, आणि मग ती पाणी परत विहिरीत ओतायची. रियानंही शेंदलं. रियानंही ओतलं.

मम्मी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “हा खेळ हाय व्हय? मग मी लहानपणी चॅम्पियनच होते की.”

“ताई, हळू बोल ना,” मावशी कुजबुजली.

“तू बी होतीस. इसरलीस काय? हाताला घट्टे पडल्ते तुझ्या.”

मावशी घाईघाईनं झिपलाइनकडं गेली.

आम्ही खोलीवर परत आलो आणि थोड्या वेळानं खालून किंकाळी आली. मावशीनं केसांना कसलासा महागडा लेप लावला होता आणि तो धुवायला नळ सोडला, तर नळ नुसताच फुस्स! मॅनेजर धावत आले. डोंगरावरच्या टाकीचं काम चाललंय म्हणाले, थोडा धीर धरा म्हणाले. आता धीर धरून केसांतला लेप जातो का? मावशी डोक्यावर हिरवं खत घातल्यासारखी उभी, रिया तोंडाला फेस लावून उभी.

अशा वेळी जिन्यावरून कोण उतरलं? पप्पा. दोन्ही हातांत दोन पिवळे कॅन. चालण्यात असा रुबाब, की मागं तुताऱ्याच वाजायच्या राहिल्या होत्या.

“घे साधना. लातूरचं पाणी हाय. बेतानं वापर.”

मावशीनं मान खाली घालून लातूरच्या पाण्यानं डोकं धुतलं. रियानं तोंड धुतलं. कुणीही हसलं नाही. मी मनातल्या मनात गुलाल उधळला.

इथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण विजय माझ्या डोक्यात गेला होता. मला वाटलं, पाणी कसं जपायचं ते आपण या लोकांना दाखवून देऊ.

तुम्ही लातूरचे नसाल, म्हणून सांगते. आमच्याकडं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, आणि नक्की कधी येणार ते पाण्यालाही माहीत नसतं. म्हणून आम्ही नळ बंद करत नाही. नळ उघडा ठेवायचा, खाली भांडं लावायचं आणि आपल्या कामाला लागायचं. पाणी यायच्या आधी नळ खोकतो. तो खोकला आमच्या गल्लीत कुणाला ऐकू आला नाही, असं आजवर झालेलं नाही. माझी आजी मोठ्यानं हाक मारली तरी ओ देत नाही, पण नळ खोकला की उठून बसते.

हाताला तीच सवय. मी टबाला बूच लावलं, टबाचा नळ पूर्ण उघडला. बेसिनचा उघडला. शॉवर उघडला आणि त्याच्याखाली बादली ठेवली. बादलीला सपाट जागा हवी म्हणून ती बरोबर पाणी जायच्या जाळीवर ठेवली. रिकामे कॅन वाळायला बाल्कनीत ठेवले, आणि वारा लागावा म्हणून बाल्कनीचं दार सताड उघडं. सगळं कसं नीटनेटकं! मग आम्ही सगळे मिळून तळ्यावर गेलो.

नळाचा खोकला ऐकायला खोलीत कोण राहिलं? हा प्रश्न तुम्हाला पडला ना? मला नाही पडला.

कयाकमध्ये मी आणि रिया. मला पोहता येत नाही. कुठं शिकणार? पिपात? अंगावर लाईफ जॅकेट असूनही मी एका हातानं कयाक घट्ट धरली होती आणि दुसऱ्या हातानं वल्हं मारत होते, त्यामुळं आम्ही चक्कीसारख्या जागच्या जागी फिरत होतो. एवढं पाणी मी जन्मात एका जागी पाहिलं नव्हतं. मनात सारखा हिशेब चालू, यात आपली गल्ली किती वर्षं निघाली असती!

तेवढ्यात रिया ओरडली, “गिरिजा, वर बघ! धबधबा! कसला भारी!”

खरंच. डोंगराच्या उतारावर, झाडांमधून, खडकांवरून पांढरीशुभ्र धार. उन्हात चमकत होती. काठावर तर जत्राच भरली होती. जो तो फोन वर धरून उभा. आम्ही कशाबशा काठाला लागलो. मॅनेजर हात जोडून उभे होते.

“इतकी वर्षं इथं आहे, पण या बाजूला पाणी कधी पाहिलं नव्हतं,” ते म्हणाले. “नवा झरा फुटला वाटतं!”

कुणीतरी नमस्कार केला. एक बाई म्हणाल्या की ही जागाच पवित्र आहे. मावशी केस नीट करून त्या धारेकडं पाठ करून उभी राहिली, म्हणजे फोटोत दोघी याव्यात.

मी पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. अहो, आम्हाला पाण्याची पारख असते. टँकरचं कोणतं, बोअरचं कोणतं, नळाचं कोणतं, आम्ही लांबून सांगतो. झऱ्याला असा एकसारखा जोर नसतो. हे टाकीचं पाणी होतं! कुणीतरी दीडशहाण्यानं नळ सोडून दिला होता, आणि हे लोक त्याला हात जोडत होते!

आणि मग, जी मुलगी हजेरीला बोलत नाही, ती बोलली. कुठून बळ आलं कुणास ठाऊक.

“हा झरा नाही! हे नळाचं पाणी आहे!”

सगळे वळले. रियानं फोन माझ्याकडं वळवला. मी धबधब्याकडं पाठ करून खडकावर चढलेच.

“आमच्या लातूरला माणसं एका कॅनसाठी उन्हात उभी राहतात. आणि इथं कुणीतरी नळ सोडून मजा करायला गेलंय! ज्याला साधा नळ बंद करायची अक्कल नाही, त्याला खोली कशाला देता? त्याच्या आईवडिलांनी त्याला काय शिकवलं?”

टाळ्या! खरंच टाळ्या! मॅनेजरनी मान खाली घातली. मम्मीनं पदर डोळ्याला लावला. पप्पांची छाती अशी फुगली की लाईफ जॅकेटचे बंद ताणले गेले. रियानं व्हिडिओ जागच्या जागी सगळ्यांना धाडला, आणि पप्पांनी तो तसाच माझ्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, ‘आमची गिरिजा.’

रेंजही नेमकी तिथंच होती बघा. डोंगरात दुसरीकडं कुठंच नव्हती.

“चला, बघूच कोण आहे तो!” पप्पा म्हणाले. पुढं पप्पा, मागं मॅनेजर, त्यांच्या मागं आख्खी वरात. पायवाटेनं धारेच्या काठाकाठानं वर चढत गेलो. मी सगळ्यात पुढं जायला बघत होते. एक वळण आलं, दुसरं आलं. माझे पाय हळू पडायला लागले. ती बंगली ओळखीची वाटत होती. ती बाल्कनी जरा जास्तच ओळखीची वाटत होती.

मम्मीनं माझ्याकडं पाहिलं. मी मम्मीकडं पाहिलं.

“गिरजे,” ती ओठ न हलवता म्हणाली, “नळ कसा ठेवून आलीस गं?”

माझा आवाज पुन्हा हजेरीवर गेला होता.

एवढ्यात खालच्या खोलीचं दार मावशीनं उघडलं. छतातून पाऊस पडत होता. मावशीची बॅग जमिनीवर उघडी, आणि तिच्यातल्या साड्या रंग सोडायला लागलेल्या. आणि मग पुणं गळून पडलं हो एका क्षणात!

“आगं आगं आगं अक्का! माझी बॅग समदी वल्ली झाली की गं! दाजी, बघायलाव काय नुस्तं? काढा की भाईर!”

रिया घाबरली. “मम्मा, तू हे काय बोलतेयस?”

“तू गप बस गं! पिशवी धर!”

मॅनेजर वर धावले, नळ बंद करून आले. तुम्हाला सांगते, धबधबा थांबताना किती शांत होतं सगळं. मागं जमलेल्या लोकांतून कुणीतरी ‘अरेरे’ म्हणालं.

मॅनेजर पप्पांसमोर उभे राहिले. पँट गुडघ्यापर्यंत ओली. आवाज मात्र गोड.

“वरच्या खोलीत आपणच का? कुठून आलात आपण?”

आता बघा. माझे पप्पा म्हणजे कडवे लातूरकर. रेल्वेत, लग्नात, दवाखान्यात, कुठंही कुणी न विचारता सांगतात, ‘आम्ही लातूरचे.’ त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा त्या गर्दीकडं पाहिलं आणि ताठ मानेनं म्हणाले,

“पुण्याहून.”

मावशीनं ओल्या साडीसकट मान वर केली. पण काही बोलण्याआधीच मॅनेजरनी झुडपात हात घातला आणि एक पिवळा कॅन बाहेर काढला. आमच्या बाल्कनीतून धबधब्याबरोबर निघालेला. त्यांनी तो फिरवून पाहिला. मी म्हटलं होतं ना, विमानातूनही वाचता येईल?

“बिराजदार,” ते सावकाश वाचायला लागले, “लातूर.”

कुणी हसलं नाही अजून. सगळे वाट बघत होते. शेवटी मम्मीच पुढं झाली.

“आमचाच हाय. द्या इकडं. न्हाईतर असं करा, भरूनच द्या. वाटंत लागंल.”

मग हसले. रियापासून मॅनेजरपर्यंत सगळे. अगदी मावशीसुद्धा, आणि ती तर खास निलंग्याचं हसली, पोट धरून, मम्मीच्या खांद्यावर डोकं टेकून. लातूरवर कुणी हसायचं नाही असं मी ठरवलं होतं ना? आमच्यासकट आख्खा डोंगर हसला.

तुम्हाला वाटेल, संपलं. कुठलं काय! पप्पांनी ग्रुपवर टाकलेलं परत घेता येत नव्हतं. सुट्टी संपली आणि पहिल्याच दिवशी मुख्याध्यापक मॅडमनी प्रार्थनेनंतर तो व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावला. पडद्यावर मी गरजत होते, ‘ज्याला साधा नळ बंद करायची अक्कल नाही…’ आणि माझ्या डोक्याच्या बरोबर मागं, धबधब्यातून उड्या मारत, एक पिवळा कॅन खाली येत होता.

शाळेनं टाळ्या वाजवल्या. फक्त माझी मैत्रीण पूजा डोळे बारीक करून बघत राहिली. ती आमच्याच गल्लीत राहते.

“गिरजे,” ती माझ्या कानाशी आली, “त्यो कॅन तुमचा हाय का गं?”

मॅडमनी त्याच दिवशी शाळेतले सगळे नळ माझ्या ताब्यात दिले. मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना, कुठला उघडा राहिलाय का, ते मी फिरून बघते. छातीवर बिल्ला आहे, ‘जलरक्षक’. मुलं मला बघून नळ घट्ट पिळतात.

घरी मात्र मम्मी मला नळाला हात लावू देत नाही.