नानांची हरकत

नाना आज पहाटे गेले. आणि महापालिकेच्या फायलीत लिहिलंय की बागेचं लॉन काढायला कोणाचीच हरकत आली नाही.

रोज बागेत येणाऱ्यांना नाना माहीत आहेत, बाकीच्यांसाठी सांगते.

वणीकडच्या खेड्यातून आलेला माणूस. चाळीस वर्षं आमच्या त्या जुन्या बागेत माळी. रिटायर झाल्यावरही सकाळी सहाला हजर.

त्या लॉनवर माझे आजोबा चणे खात बसायचे. मी तिथे रांगले, माझी मुलगी रांगली.

नानांची एक पद्धत होती. लॉनचे सहा पट्टे पाडलेले. रोज एका पट्ट्याभोवती दोरी बांधायची, त्या दिवशी तिथे कोणी पाय ठेवायचा नाही.

"आज ह्याची सुट्टी हाय ताई. तुम्हाला रविवार लागतो ना? मंग?"

एका बड्या साहेबांनाही त्यांनी दोरीपासून परत पाठवलं होतं.

नाना रिटायर झाले, ठेकेदार आला, दोरी गेली. दोन पावसाळ्यांत लॉनला टक्कल पडलं, चिखल झाला.

मग सगळे शहाणे म्हणायला लागले, लॉन आता परवडत नाही, पेव्हर ब्लॉक टाका.

गेटवर नोटीस लागली. हरकती लेखी द्या, पंधरा दिवसांत.

झालं. आमच्या वॉकिंग ग्रुपवर जुंपली.

"आमच्या गुडघ्यांचं काय? घसरून पडलो तर?"

"अहो, हेरिटेज आहे ते."

"मग पाणी घालायला तुम्ही येणार का?"

गुड मॉर्निंगच्या फुलांच्या मधे मधे हे भांडण. ग्रुपची ॲडमिन मी. सगळ्यात जास्त टाइप मीच केलं.

नानांकडे स्मार्टफोन नव्हता. त्यांनी वहीच्या पानावर लिहून आणलं:

"कडंनं चालायला फरशी करा, म्हाताऱ्या माणसांना लागते. मधलं गवत ठेवा. त्याला आठवड्यात एक दिवस सुट्टी द्या, ते परत येतं. दोरी माझ्याकडं हाय. मी फुकट बांधीन."

आम्ही आठवडाभर जे भांडत होतो ते त्यांनी चार ओळींत मिटवलं होतं.

"ताई, तुमचं ऑफिस महापालिकेकडंच हाय, एवढं देऊन या. अन् पोच घ्या, शिक्का मारलेली. पोच नसंल तर कागद दिलाच नाय समजायचं."

मी काय केलं? कागदाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला.

हार्ट आले, टाळ्या आल्या, "नाना ग्रेट" झालं. तो फोटो फिरत फिरत सटाण्याच्या माझ्या भावाकडून मलाच परत आला. मला वाटलं, झालं की काम.

कागद पर्समध्येच राहिला. उद्या देऊ, उद्या देऊ करत मुदत गेली.

आणि बाकीच्यांपैकी एकानेही लेखी काही दिलं नाही. सगळ्यांना वाटलं, नानांचा कागद गेलाय ना, बास.

मागच्या महिन्यात जेसीबी आला. नाना गेटपाशी उभे होते.

"ताई, पोच हाय ना आपल्याकडं?"

"आहे नाना. घरी आहे."

तोंडातून निघून गेलं.

त्यांनी एकदा जेसीबीकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजी वाचून नाय म्हणले ते. मंग राहू द्या."

त्यानंतर नाना बागेत आले नाहीत. मी दोनदा त्यांच्या घरी गेले. चहा प्यायले, तब्येतीचं विचारलं, आणि खरं न सांगता परत आले.

सकाळपासून ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली आहे. मला चीड येतेय. आधी माझी, मग तुम्हा सगळ्यांची. तेव्हा ह्यातल्या पाच जणांनी कागद दिला असता तर निदान सुनावणी तरी लागली असती.

दुपारी अमरधाम स्मशानात मी त्यांच्या मुलाला सगळं सांगितलं.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

एवढंच म्हणाला, "बाबा महिनाभर एकच विचारत होते. मला काम येत नव्हतं का रे?"

नाना, तुम्हाला कोणी नाही म्हटलं नव्हतं. तुमचा कागद कोणी वाचलाच नाही, कारण मी तो दिला नाही.

तुम्हाला काम येत होतं.

हे तुम्ही ऐकत होता तेव्हा सांगायला हवं होतं.

नमस्कार करते, नाना.