शाळेच्या मैदानातली धूळ

लोरेडानाने आईला पुरताना शवपेटीत फोटोंचा अल्बमही ठेवला. पाद्र्याला म्हणाली होती, सगळे फोटो कॉम्प्युटरवर आहेत, हा राहू दे तिच्यापाशी. तेव्हा ते खरंच होतं.

अल्बममध्ये हॅलर्स गॉर्ज होतं. ऑस्ट्रेलियातलं खाणीचं गाव. निळा अ‍ॅस्बेस्टॉस काढायला तिचा बाप इटलीच्या डोंगरातून तिथे आला, तेव्हा ती जेमतेम चालायला शिकलेली. पुढे खाण बंद पडली, माणसं पांगली, सरकारने गाव नकाशातून काढलं आणि हायवेवरची पाटीसुद्धा उपटून नेली. राहिली ती लोरेडानाची वेबसाइट. जेराल्डटनच्या शाळेतलं कँटीन सांभाळून, नवरा बोट घेऊन समुद्रावर असायचा त्या दिवसांत, तिने ती स्वतः शिकून केली होती. पान उघडलं की अल्बम उघडायचा, पानं उलटायची, उलटताना कागदाचा आवाजही यायचा. लोक लिहायचे, तिसऱ्या रांगेतला तो मी. काही वर्षांनी लिहायला लागले, तिसऱ्या रांगेतला तो माझा भाऊ, परवा गेला.

तो अल्बम फ्लॅश नावाच्या जुन्या प्रोग्रामवर चालायचा. फ्लॅश जगभरातून बंद झालं आणि गावाच्या जागी एक राखाडी चौकोन उरला. त्याच हिवाळ्यात लोरेडानाला जिना चढवेना. डॉक्टर फुप्फुसांतल्या त्या धुळीच्या रोगाचं नाव सांगायला अडखळले, तर तिनेच ते पुरं केलं. त्या गावच्या माणसांना ते नाव तोंडपाठ असतं.

आणि मग एका सकाळी रेडिओवर खाण-कंपनीचा माणूस शांतपणे सांगत होता की धूळ होती ती कारखान्यात, वस्तीतल्या मुलांचा तिच्याशी संबंध आला नाही. लोरेडानाने रेडिओ बंद केला. त्याला द्यायचं उत्तर तिच्याकडे होतं, त्या राखाडी चौकोनाच्या आत. शाळेच्या खेळांचा दिवस. मैदानात कंपनीनेच आणून पसरलेला खाणीचा चुरा. सगळ्यात पुढे तिचा धाकटा भाऊ दारिओ, गुडघ्यापर्यंत राखेत बुडाल्यासारखा, आणि मागे धुळीचा असा पडदा की बाई नुसत्या कमरेपासून वर दिसत होत्या. दारिओ चाळिशी ओलांडून जेमतेम वर्षभर जगला.

तिने विमला फोन केला. विम डच, त्या खाणीच्या गावात पलीकडच्या गल्लीतला. जन्मभर बोटींवरचे रेडिओ दुरुस्त करत आलेला.

"दे इकडे," तो म्हणाला. "तू हात लावलास की मशीन रडायला लागतं."

आठवड्याने तो लॅपटॉप आणि बिस्किटं घेऊन आला. तिने कॉफी चढवली. नवा अल्बम झकास होता, फोनवरही उघडत होता, बोटाने सरकत होता. ती सरकवत गेली. खेळांचा दिवस आला. आकाश निळंशार. बाई थेट बुटांपर्यंत दिसत होत्या. दारिओचे गुडघे लख्ख.

"विम, धूळ कुठे गेली?"

फोटो धुरकट होते, प्रोग्राममध्ये धुकं काढायचं बटण असतं, ते सगळ्यांवर एकदमच फिरवलं, असं तो सांगत राहिला. कप बशीत गोल गोल फिरवत म्हणाला, "बरे दिसतायत ना?"

"कंपनीला तर फारच बरे दिसतील."

तिने मूळ फोटो मागितले. ते उरलेच नव्हते. त्यांच्यावरच नवे साठवले होते, साइटवरची जुनी फाइलही काढून टाकली होती.

"पीट आहे त्यात," तो म्हणाला. पीट त्याचा भाऊ, तोही गेलेला. "त्याच्या पापण्यांवरसुद्धा होती ती. आई रोज ओल्या फडक्याने पुसायची. मला वाटलं, एकदा तरी निघू दे."

ओरडायला लोरेडानाकडे श्वास नव्हता. "तुझ्या आईच्याने नाही गेली ती," ती म्हणाली, "तुझ्याने जाणार होती?"

कपडे धुवायच्या खोलीत, तिने अल्बम ज्यावर केला तो जुना कॉम्प्युटर होता. नवरा गेल्यापासून त्याला इंटरनेट नव्हतं, त्यामुळे फ्लॅश बंद झाल्याचं त्याच्या गावीही नव्हतं. विमने कपड्यांची टोपली बाजूला केली. लोरेडाना ऑक्सिजनचं नळकांडं ओढत मागून आली. मशीन सुरू झालं, पण आतून दात खाल्ल्यासारखा करकर आवाज येत होता. अल्बम उघडला. पान उलटल्याचा तो कागदाचा आवाज आला.

विमने फोटो उतरवून घ्यायची खटपट केली. तीनदा मशीन अडकलं. "हे आता राम म्हणणार," तो म्हणाला. "तू फोनने पडद्याचेच फोटो काढ. मी पानं उलटतो."

ती काढत गेली. पान, फोटो, पान, फोटो. खेळांचा दिवस मिळाला. पुढच्या दोन पानांनंतर पडदा काळा झाला तो झालाच.

स्वयंपाकघरात येऊन त्यांनी फोन पाहिला. धूळ होती. तिचा तो पडदा होता, कमरेपासून वरच्या बाई होत्या, पांढऱ्या पापण्यांचा पीट होता. आणि या सगळ्यावर, कॉम्प्युटरच्या काचेत पडलेला, लोरेडानाचा आजचा चेहरा. नाकातल्या नळीसकट.

"तू आलीस त्यात," विम म्हणाला. "ते काढता येतं, एक—" आणि थांबला.

"त्याचंही बटण आहे?"

"आहे."

"हात लावून तर बघ."

त्याने तो फोटो होता तसाच वेबसाइटवर चढवला. खाली नावं लिहायला बसला. ती सांगत गेली, दारिओ, पीट, बाईंचं नाव, मग तिसरी रांग, त्यातली रिबिनवाली मुलगी म्हणजे ती स्वतः, लोरेडाना.

"आणि ही काचेतली?" त्याने मान वर न करता विचारलं. "तुझं नाव दोनदा लिहू?"

"एकदाच लिही," ती म्हणाली, आणि पुढचं नाव सांगण्याआधी श्वास परत येईपर्यंत टेबलाला धरून बसून राहिली.