एक टक्क्याच्या आत

माझा धाकटा भाऊ विनय गेला, हे मला सगळ्यांत आधी व्हॉट्सॲपनं सांगितलं. जपानातल्या उरायासुच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर त्याच्या जिवलग मित्राचा मेसेज आला, ‘आपला विन्या गेला यार...’ आणि खाली फोटो. हातात फेसाळता ग्लास, चेहऱ्यावर हसू. मी इथे कोबेला स्वयंपाकघरात उभी होते. मेधाचा, म्हणजे विनयच्या बायकोचा फोन त्यानंतर आला, कारण ती बिचारी त्याच्या उशाशी होती आणि तिला मेसेज टाकायची घाई नव्हती. तो फोटो कुठल्या संध्याकाळचा हे मी बघताक्षणी ओळखलं. माझा भाऊ खरं तर त्या संध्याकाळीच गेला होता. हॉस्पिटलमधले महिने नुसते सोपस्काराचे.

या मित्राचं नाव मी लिहिणार नाही. पेपरच्या पुरवणीत नाव छापून यावं, एवढी त्याची योग्यता नाही.

मेल्यावर माणूस भला होतो, अशी आपल्याकडे रीत आहे. विनय भला नव्हता. दारू प्यायला की तो घाणेरडं बोलायचा, बायकोला, मला, पुण्याहून फोन करणाऱ्या आईला. एकदा शाळेतून आणायला गेला आणि चिमुरड्या लेकीला, ईराला, स्टेशनवर विसरून एकटाच घरी आला. स्टेशनमास्तरच्या खोलीत बसलेल्या पोरीला मेधा घेऊन आली, आणि त्याच आठवड्यात दोघी पुण्याला निघून गेल्या. तेव्हा कुठे त्यानं दारू सोडली. ‘पुन्हा प्यायलास तर माझी वाट बघू नकोस,’ या एका वाक्यावर मेधा परत आली. हे सगळं मला, मेधाला आणि त्या मित्राला ठाऊक होतं. विनयला प्लॅटफॉर्मवरून उचलून घरी आणणारा तोच तर होता!

दारू सुटली, पण हात रिकामे राहिले. तोयोसुच्या ऑफिसातून घरी आल्यावर माणसानं करायचं काय? मग विनयनं घरी बिअर करायचं खूळ घेतलं. जपानमध्ये घरी एक टक्क्याच्या वर अल्कोहोल असलेली दारू करायला कायद्यानं बंदी आहे. कुरकुर करत सगळे तो कायदा मोडतात; विनयनं त्याचा आधार घेतला. माल्ट इतकं कमी घालायचा की नशा चढायचा प्रश्नच नाही. डॉक्टरांनी तेही नकोच म्हटलं होतं. पण त्याला फेस हवा होता, नळ सोडल्यावरचा आवाज हवा होता, चार माणसं घरी यायला हवी होती.

त्यासाठी पाच लिटरचे पत्र्याचे छोटे केग तो वापरायचा. दुकानात ते बिअरनं भरलेले मिळतात, पिऊन झाले की लोक टाकून देतात. रिकामे केग त्याला पुरवायचा तो मित्रच, कारण खरी बिअर तो प्यायचा. विनय वरचं रबरी बूच काढायचा, आतून कोमट पाण्यानं धुवायचा, घासायचा मात्र नाही. ‘ताई, आतला लेप खरवडला ना, की गंज धरतो,’ हे मला असं काही समजावायचा, जणू मी उद्यापासून कारखाना काढणार आहे. मग केग व्हरांड्यात उलटा ठेवून वाळवायचा, आपली बिअर भरायचा, फेसासाठी चिमूटभर साखर घालून नवं बूच ठोकायचा. साखर जास्त झाली की केगचं बूड फुगायचं आणि मेधा ओरडायची. त्या घरात त्या काळात बाकी कशावरूनही ओरडाआरडा होत नव्हता. बाहेरून केगवर कंपनीचं तेच झोकदार चित्र, आत विनयचं मचूळ पाणी. पाहुणे दोन घोट घेऊन ‘वा!’ म्हणायचे आणि परतताना कोंबिनीतून, म्हणजे नाक्यावरच्या चोवीस तासांच्या दुकानातून, खरे कॅन घ्यायचे. विनयला ते माहीत होतं. तरी पुढच्या शनिवारी तो पुन्हा बोलवायचा...

वर्ष संपतानाची पार्टी त्याच्या घरी होती. मीही कोबेहून गेले होते. मेधा भजी तळत होती. ‘आज मी ओततो,’ म्हणत मित्र व्हरांड्यातून केग घेऊन आला. तोच आकार, तेच चित्र. त्यानं विनयचा केग मागे ठेवून दुकानातला भरलेला आणला होता आणि चौघांना आधीच डोळा घातला होता. विनयनं घोट घेतला. त्याला पहिल्याच घोटात कळलं, ते मी त्याच्या तोंडावर पाहिलं. सगळे खो खो हसले. कुणीतरी फोटो काढला.

“विनय, ठेव तो ग्लास,” मी म्हणाले.

“असू दे गं ताई,” तो हसतच म्हणाला.

मेधा झारा हातात घेऊन दारात आली. मित्र तिला म्हणतो, “वहिनी, एक दिवस चालतं हो! माणूस आहे का साधू?”

विनयनं ग्लास संपवला. दुसरा त्याचा त्यानं भरून घेतला, तेही खरं आहे आणि त्याबद्दल मी त्याला माफ केलेलं नाही. तुमचा खेळ होतो, पण आमचा जीव जातो, असं गोष्टीतल्या बेडकासारखं ओरडायलाही तो थांबला नाही. त्यानंतर तो कोंबिनीच्या बाहेर उभा राहून प्यायचा आणि मग घरी यायचा. ईरा तोवर मोठी झाली होती. बापाबद्दल विचारलं की ‘दाइजोबु’, म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणायची. मेधा या वेळी निघून गेली नाही. विनयच्या लिव्हरनं हात टेकले होते, जायला वेळच उरला नाही.

दिवसकार्य झाल्यावर मित्र भेटायला आला. ढसाढसा रडला. फ्रिजमध्ये हॉस्पिटलला जाण्याआधी विनयनं भरलेला एक केग होता, त्याची शेवटची एक टक्क्याच्या आतली धडपड. मेधानं तो त्याच्यासमोर ठेवला आणि ग्लास भरला. बिअर आंबली होती, खोलीभर वास सुटला. त्यानं एक घोट घेतला आणि आमच्याकडे पाहिलं. “छान झालीय,” तो म्हणाला. मेधानं पुन्हा भरला. तो पीत राहिला, ती भरत राहिली. बाथरूममध्ये जाऊन ओकून आला, तेव्हाही ग्लास भरलेला होता. मला त्याची दया आली नाही. जाताना म्हणाला, “वहिनी, काही लागलं तर सांगा.”

परवा उरायासुला गेले, तर व्हरांड्यात तो केग धुऊन उलटा वाळत घातलेला. विनय ठेवायचा तसाच, भिंतीला टेकवून. म्हटलं, “मेधा, पत्र्याच्या कचऱ्यात टाकायचा का गं? मी नेते खाली.”

“राहू द्या ताई,” ती कपडे वाळत घालता घालता म्हणाली. “वर्षश्राद्धाला ह्यांच्या मित्राला बोलावलंय... भरून ठेवीन म्हणते.”