उधाणाचा हट्ट

रिकाम्या बेटाशी होडी लागली की कासमचाचा आधी मोठ्यानं हाक द्यायचे, "कोन हाय काय रे? दोन मानसा येतांव!" मग जरा थांबून, उत्तर आल्यासारखी मान हलवून, पाय खाली टाकायचे. पहिल्यांदा मी हसलोच. "अहो चाचा, इथं चिटपाखरूही नाही!" तर म्हणाले, "म्हनून काय इचारल्याबिगर शिरायचा?"

मी साताऱ्याकडचा, रत्नागिरीत मास्तरकीला आलेला. मुंबईची आगबोट तेव्हा खोल पाण्यात थांबायची आणि उतारू पडावातून किनाऱ्याला यायचे. बाकीचे मास्तर सुट्टीत गावी जात. मला वेड, कोणी फिरकत नाही ती बेटं बघायचं. कासमचाचा मासेमारी सोडून आपल्या शिडाच्या होडीतून मला हिंडवायचे. जन्म दर्यावर गेला होता, पण बेटावर एखादा रंगीत शिंपला सापडला की माझ्याआधी तेच हरखायचे.

एकदा म्हणाले, "मास्तर, बेटावर जायचा तर भांगाला." मी दचकलो. चाचांना हे कसलं व्यसन! कळल्यावर ते पोट धरधरून हसले. "अवो, अष्टमीच्या आगंमागं भरती कमी चडते, तेला भांग म्हन्तात. पुनवेला उधान. तवा खडकाशी जायाचा नाय."

इतकं समजावून सांगितलेलं, तरी एका पौर्णिमेला सुट्टी मिळाली आणि मी हट्टाला पेटलो. चाचा नको नको म्हणत होते. "वय झालं वाटतं तुमचं," असं मी बोलून गेलो. मेली ही जीभ! त्यांनी शीड उभारलं. बेटाशी लाट उसळली, आणि मला खडकावर ढकलताना होडी आणि खडक यांच्यामध्ये त्यांचा पाय चिरडला. मला परत होडीत घेऊन, पाय बांधून त्यांनीच सुकाणू धरलं आणि मला घरी आणलं.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. होडी विकली. गावात त्यांनी सांगितलं, "माजाच पाय घसरला." मीही गप्प राहिलो. दर रविवारी जायचो, त्यांच्या ओट्यावर बसायचो. आज चाचींना खरं सांगू, असं ठरवूनच निघायचो आणि चहाबरोबर ते गिळून परत यायचो. भ्याडच मी.

तीन पावसाळ्यांनी चाचा गेले. चाळिसाव्या दिवशी राहवलं नाही. चाचींसमोर बसून सगळं ओकलो, ढसाढसा रडलो. त्या तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या,

"मला ठावा हाय, मास्तर. पैल्याच दिवशी सांगितलानी तेनी. वर म्हनाले, मास्तरला कळू देऊ नको. लाजंल, आन यायचा बंद होईल."